कुठला क्लोरीन?

अकरावीच्या रसायनशास्त्रात एक गणित ठरलेलं आहे. क्लोरीनची दोन समस्थानिकं, त्यांची वस्तुमानं ३४.९७ आणि ३६.९७, पहिल्याचं प्रमाण शेकडा ७५.७६, दुसऱ्याचं २४.२४, सरासरी अणुवस्तुमान काढा. दोन गुणाकार, एक बेरीज, खाली ३५.४५ आणि पूर्ण गुण. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. तेवढ्या वर्षांच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता या गणिताबद्दल माझं एक मत पक्कं होत गेलं. ते सोपं आहे म्हणून आपण ते घाईत उरकतो आणि त्या घाईत रसायनशास्त्रातली एक मोठी गोष्ट हातातून निसटते. ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू जगात नाही. हा आकडा अणूंच्या एका साठ्याचा आहे, आणि तो साठा पृथ्वीवरचा, तोही आपल्याला नेहमी मिळतो तसा. आवर्तसारणीत अणुअंकाशेजारी तो छापलेला असतो, म्हणून आपण दोन्ही आकडे एकाच पंक्तीला बसवतो. पण अणुअंक १७ असल्याशिवाय क्लोरीन हा क्लोरीनच राहत नाही, ३५.४५ बदलला तरी क्लोरीन क्लोरीनच राहतो. सरासरी अणुवस्तुमान हे एका नमुन्याचं मोजमाप आहे. ते तसंच शिकवलं पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

उत्तरपत्रिकांत दिसणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या लगेच पकडता येतात: कुणी दोन वस्तुमानांची साधी सरासरी काढून ३६ लिहितं, कुणी शंभरानं भागायला विसरतं. त्यांवर उपाय किराणा दुकानात सापडतो. साठ रुपये किलोचा तीन किलो तांदूळ आणि शंभर रुपये किलोचा एक किलो एकत्र केला, तर मिसळलेल्या तांदळाचा भाव ऐंशी नाही, सत्तर पडतो, हे कुठल्याही मुलाला सूत्राशिवाय कळतं. ज्याचं प्रमाण जास्त, त्याच्याकडे सरासरी झुकते. भारित सरासरी म्हणजे एवढंच. दुसऱ्या प्रकारची चूक मात्र उत्तरपत्रिकेत दिसत नाही, कारण उत्तर बरोबर असतं. ‘३५.४५ वस्तुमान असलेले अणू क्लोरीनमध्ये किती टक्के असतील?’ असं विचारलं की पूर्ण गुण मिळवणारी मुलंही ‘बहुतेक सगळे’ म्हणतात. आकडेमोड आली आणि अर्थ आला नाही. दोष मुलांचा नाही. प्रमाणाचे टक्के आपण त्यांच्या हाती आयते ठेवतो आणि ते कुणी, कशाचे, कसे मोजले, याबद्दल अवाक्षर काढत नाही. आयत्या मिळालेल्या आकड्याबद्दल शंका घ्यायची असते, हे मग त्यांना कुठून कळावं?

याच गणितात थोडं थांबलं तर ते किती खोल आहे ते दिसतं. शाळेत क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ असं पाठ करून घेतात. दोन समस्थानिकं तीनास एक या प्रमाणात धरली, तर पस्तीस त्रिक एकशे पाच, त्यात सदतीस मिळवून एकशे बेचाळीस, भागिले चार; आले ३५.५. आता तीनास एक ही गोळाबेरीज सोडून खरे टक्के घेऊ. दहा हजार अणूंपैकी ७,५७६ अणू ३५ चे आणि २,४२४ अणू ३७ चे धरले तर सरासरी ३५.४८ येते. आवर्तसारणीतले ३५.४५ अजूनही आलेले नाहीत. कारण ३५ आणि ३७ हे अणुवस्तुमानांक आहेत, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची मोजदाद. ते वस्तुमान नाही. क्लोरीन-३५ च्या अणूचं वस्तुमान ३४.९६८८५ आहे आणि क्लोरीन-३७ चं ३६.९६५९०. हे घालून पुन्हा गणित केलं की ३५.४५२९ मिळतात आणि ताळा जुळतो. पण वस्तुमान पस्तीसपेक्षा कमी का? सतरा प्रोटॉन, सतरा इलेक्ट्रॉन आणि अठरा न्यूट्रॉन सुटे सुटे मोजले तर बेरीज ३५.२९ च्या आसपास जाते. अणू बांधला जाताना त्यातला जवळजवळ एक तृतीयांश एकक ऊर्जेच्या रूपानं बाहेर पडलेला असतो. म्हणजे ३५.५ पासून ३५.४५ पर्यंतच्या दोन पायऱ्यांत एकदा निसर्गातलं प्रमाण भेटतं आणि एकदा अणुकेंद्राला बांधून ठेवणारी ऊर्जा. दशांशचिन्हापुढचे अंक मुलांना कटकट वाटतात, पण मोलाचा मजकूर त्यांतच असतो.

या अपूर्णांकानं एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांची झोप उडवली होती. विल्यम प्राउट या इंग्लिश डॉक्टरनं १८१५ च्या सुमारास कल्पना मांडली की सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनपासून बनलेली असावीत आणि म्हणून त्यांची अणुवस्तुमानं हायड्रोजनच्या पूर्ण पटींत यावीत. कल्पना देखणी होती, पण क्लोरीन आडवा आला. बेल्जियमच्या जाँ स्तास यांनी अतिशय काटेकोर मोजणी केली तरी क्लोरीन पूर्णांकावर येईना, आणि प्राउटची कल्पना बाजूला पडली. ती पुरती चुकीची नव्हती, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंना आयसोटोप म्हटलं. हा शब्द त्यांना मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी सुचवला होता. आवर्तसारणीत एकाच स्थानी बसणारे, हा त्याचा अर्थ मराठीतल्या ‘समस्थानिक’ या शब्दात जसाच्या तसा उतरला आहे. पुढे १९१९ मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस ॲस्टन यांनी विद्युतभारित अणूंना विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वळवून त्यांच्या वस्तुमानांप्रमाणे वेगळं करणारं यंत्र उभं केलं. त्यात क्लोरीनच्या रेषा ३५ ला आणि ३७ ला उमटल्या. साडेपस्तीसला काहीच नव्हतं. शंभर वर्षं ज्याला अणूचं वस्तुमान म्हटलं जात होतं, ती दोन प्रकारच्या अणूंची सरासरी निघाली.

सरासरी म्हटली की मिश्रण आलं आणि मिश्रण म्हटलं की ते सगळीकडे सारखंच कशावरून, हा प्रश्न आला. त्याचं उत्तर शिशानं दिलं, तेही ॲस्टन यांच्या यंत्राच्या आधी. अमेरिकेत हार्वर्डला थिओडोर रिचर्ड्स अणुवस्तुमानं अचूक मोजत होते. याच कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी त्यांनी दाखवून दिलं की युरेनिअमच्या खनिजांतून काढलेलं शिसं साध्या शिशापेक्षा हलकं असतं. दोन्ही शुद्ध, दोन्ही शिसंच, रासायनिक वागणूक एक, तरी आकडे दोन. युरेनिअम-२३८ चा ऱ्हास होत होत शेवटी शिसं-२०६ उरतं आणि थोरिअमपासून शिसं-२०८, त्यामुळे शिशाचं अणुवस्तुमान ते ज्या खडकात घडलं त्या खडकाचा इतिहास सांगतं. आज आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटना शिशासाठी २०६.१४ ते २०७.९४ अशी मर्यादा देते. एका मूलद्रव्यासाठी हा पल्ला जवळजवळ दोन एककांचा आहे, आणि त्यात मोजणाऱ्यांच्या हलगर्जीचा अंशही नाही.

हे पटवायला आवर्तसारणीचाच पुरावा पुरतो, फक्त ती एरवीपेक्षा जरा बारकाईनं पाहावी लागते. फ्लोरिनचं अणुवस्तुमान १८.९९८४०३ असं सहा दशांशस्थळं आणि त्याहीपुढे छापलेलं सापडतं, शिशाचं मात्र २०७.२ वर थांबतं. एवढ्या जुन्या, ओळखीच्या धातूच्या बाबतीत शास्त्रज्ञ मागे पडले, असा याचा अर्थ मुलं लावतात. खरं कारण उलट आहे. फ्लोरिनचं निसर्गात एकच समस्थानिक सापडतं, त्यामुळे कुठलाही फ्लोरिन घ्या, आकडा तोच. सोडिअम, ॲल्युमिनिअम, फॉस्फरस, आयोडिन आणि सोनं यांचंही तसंच. शिशाचा आकडा आखूड आहे, कारण त्यापुढचे अंक लिहिले तर ते कुठल्या शिशाचे, हे सांगावं लागेल. आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००९ मध्ये हायड्रोजन, लिथिअम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सिलिकॉन, गंधक, क्लोरीन आणि थॅलिअम या दहा मूलद्रव्यांना एकच आकडा देणं थांबवलं आणि मर्यादा दिल्या. आणखी काही मूलद्रव्यं नंतर त्यांत आली. क्लोरीनची मर्यादा ३५.४४६ ते ३५.४५७ आहे. म्हणजे आपल्या गणितातल्या ३५.४५२९ मधले शेवटचे दोन अंक ज्या विशिष्ट क्लोरीनची मोजणी झाली त्याचे आहेत; दुसरा क्लोरीन घेतला तर ते बदलू शकतात.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो वजनदार आहे. प्रयोगशाळेत मीठ तोलताना तिसऱ्या दशांशस्थळानं काय फरक पडतो? बहुतेक वेळा काहीच नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करते. मोलाच्या गणितात ३५.५ घेऊनही काम भागतं. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे नेमकं कधी, हे ओळखणंच तर शास्त्र शिकण्यात येतं. लिथिअम बघा. निसर्गातल्या लिथिअममध्ये लिथिअम-६ शेकडा साडेसातच्या आसपास असतं. हायड्रोजन बॉम्बसाठी ते वेगळं काढलं गेलं आणि उरलेलं, लिथिअम-७ जास्त असलेलं लिथिअम रसायनं म्हणून बाजारात आलं. त्यामुळे दुकानातल्या लिथिअमचं अणुवस्तुमान ६.९३९ पासून ६.९९६ पर्यंत असू शकतं, अशी नोंद प्रमाण तक्त्यांनाच करावी लागली. लिथिअम हायड्रॉक्साइड तोलून केलेल्या २५ मिलिलिटरच्या अनुमापनात हा फरक ब्युरेटच्या एका थेंबाएवढा पडतो. शेवटचा थेंब जपून सोडा, म्हणून आपण मुलांच्या पाठीमागे उभं राहून बजावतो, तोच थेंब. जे बॉम्बच्या कारखान्यात घडलं, तेच दुसऱ्या टोकानं रायगड जिल्ह्यातल्या थळच्या जड पाण्याच्या कारखान्यात घडतं. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक ड्युटेरिअमचा असतो. तो वेचून गोळा करायचा, हेच तिथलं काम. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या हायड्रोजनचं सरासरी अणुवस्तुमान १.००८ नसतं, ते २.०१ च्या घरात असतं, आणि पाण्याचा एक मोल १८ ऐवजी २० ग्रॅम भरतो. आवर्तसारणीवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याचं गणित तिथे दहा टक्क्यांनी चुकेल.

फरक लहान असला म्हणून तो निरुपयोगी होत नाही, हे तर आणखी महत्त्वाचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधण्याची ऊस आणि मका यांची रीत बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळी आहे. त्यामुळे उसाच्या साखरेत कार्बन-१३ चे अणू फुलांतल्या मधुरसापेक्षा लाखामागे पंधरा-सोळानं जास्त भरतात. दोन्हीकडचा कार्बन १२.०११ च, पण चौथ्या दशांशस्थळी तो आपलं गाव सांगतो. मधात उसाची किंवा मक्याची साखर मिसळली आहे का, हे त्यावरून प्रयोगशाळेत ओळखतात. तांदळाच्या पाकाची भेसळ या रीतीनं सापडत नाही, कारण भात कार्बन बांधतो तो फुलझाडांच्याच रीतीनं. ही मर्यादासुद्धा समस्थानिकं समजली तरच समजते. याहून मोठं उदाहरण १९७२ चं आहे. फ्रान्समधल्या पिएरलाट इथे युरेनिअमच्या नेहमीच्या तपासणीत युरेनिअम-२३५ चं प्रमाण शेकडा ०.७२०२ ऐवजी ०.७१७१ आलं. फरक लाख अणूंमागे तीनाचा. तपासणाऱ्यांनी तो यंत्राच्या माथी मारून सोडून दिला नाही. शोध घेत घेत माग आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लो खाणीपर्यंत पोहोचला आणि कळलं की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथल्या खडकांत निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. नमुन्याचा पत्ता विचारायची सवय त्या तपासणाऱ्यांना होती, म्हणून हे उघडकीला आलं.

उद्योगाच्या बाजूनंही हेच दिसतं. विज्ञान शाखेतली आपली कितीतरी मुलं पुढे औषधांच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासायच्या कामाला लागतात. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र असतं, ॲस्टन यांच्या यंत्राचं आजचं रूप. त्यात ब्रोमोबेन्झीन घातलं असं समजू. आवर्तसारणीवरून त्याचं रेणुवस्तुमान १५७ येतं. पडद्यावर मात्र जवळजवळ सारख्या उंचीच्या दोन रेषा दिसतात, एक १५६ ला आणि एक १५८ ला. मधे १५७ ला एक खुजी काडी असते आणि तीही कार्बन-१३ मुळे आलेली. ब्रोमिनचं अणुवस्तुमान ७९.९०४, म्हणजे ८० वजनाचा अणू, असं पाठ करून आलेल्याला हा पदार्थ अशुद्ध वाटेल. ब्रोमिन-७९ आणि ब्रोमिन-८१ निम्मे निम्मे असतात, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या जोडरेषा हीच ब्रोमिनची सही वाटते. क्लोरीन वायूच्या रेणूच्या रेषा ७०, ७२ आणि ७४ ला येतात, साधारण ९:६:१ या उंचीनं. तीनास एक या प्रमाणात असलेले दोन प्रकारचे अणू जोडीनं घेतले की संभाव्यतेच्या साध्या नियमानं हेच गुणोत्तर मिळतं. मुलं ते वहीत काढून पाहू शकतात. साडेपस्तीसची दुप्पट ७१. तिथे रेष नाही. सरासरीचा अर्थ समजावून सांगायला याहून चांगलं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे. आधीच अभ्यासक्रम संपत नाही, परीक्षेत एकच उत्तर हवं असतं, आणि आकडा बदलतो असं सांगितलं तर मुलं गोंधळतील. वेळेची तक्रार खोटी नाही, पण मी मागते आहे ती एका तासाच्या आतली गोष्ट आहे. गोंधळाबद्दल सांगायचं तर तो मुलांच्या डोक्यात आधीच असतो. अरगॉन ३९.९५ आणि त्याच्यापुढचं पोटॅशिअम ३९.१०, जड मूलद्रव्य आधी आणि हलकं नंतर कसं, हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो. ‘क्रम अणुअंकाप्रमाणे लावतात’ या उत्तरानं तो गप्प होतो, सुटत नाही. तो सुटतो असा: पृथ्वीच्या हवेतलं जवळजवळ सगळं अरगॉन हे अरगॉन-४० आहे, आणि ते खडकांतल्या पोटॅशिअम-४० च्या ऱ्हासातून अब्जावधी वर्षं साठत आलेलं आहे. ते हलक्या पोटॅशिअमपेक्षा जड भरतं ते या साठ्यामुळे. हा आकडा अरगॉनच्या स्वभावाचा नाही, आपल्या ग्रहाच्या इतिहासाचा आहे. एवढं सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ वाढत नाही, उतरतो. हे मी वर्गागणिक पाहत आले आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. शास्त्रातला आकडासुद्धा पक्का नाही असं कोवळ्या वयात ऐकलं, तर शास्त्रावरचा विश्वास ढिला होणार नाही का? आजकाल कुणीही उठून काहीही ठोकून देतो, अशा दिवसांत ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. पण आकडा बदलतो याचा अर्थ तो मनाला येईल तसा बदलतो असा नाही. तो का बदलतो, किती बदलतो आणि कुठे बदलत नाही, हे सगळं मोजलेलं आहे. ३५.४४६ ते ३५.४५७ ही मर्यादा ३५.४५ पेक्षा कमी खात्रीची नाही. तिच्यात क्लोरीनबद्दलची माहिती जास्त आहे. व्यापारासाठी आणि वर्गासाठी संघटना एक सोयीचा आकडाही देते, क्लोरीनला ३५.४५, कार्बनला १२.०११, आणि तो सोयीचा आहे असं सांगूनच देते. मोजणारा आपल्या मोजमापाची हद्द सांगतो तेव्हा त्याच्यावरचा विश्वास वाढायला हवा. जिथे हद्द सांगितलेली नसते तिथेच जपावं, एवढा विवेक बारावीनंतर रसायनशास्त्र सोडून देणाऱ्या मुलांनाही जन्मभर पुरेल.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रश्नपत्रिकेत ‘क्लोरीनचं सरासरी अणुवस्तुमान काढा’ असं न लिहिता ‘क्लोरीनच्या एका नमुन्यात क्लोरीन-३५ शेकडा ७५.७६ आणि क्लोरीन-३७ शेकडा २४.२४ आढळलं, या नमुन्याचं सरासरी अणुवस्तुमान काढा’ असं लिहावं. त्याला एक उपप्रश्न जोडावा: दुसऱ्या नमुन्याचं उत्तर ३५.४४७ आलं, तर दोन्ही नमुन्यांत नेमका काय फरक असेल? गुणाकार तेच, बेरीज तीच, वेळही फारसा वाढत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मुलाला आकड्याकडून परत अणूंकडे जावं लागतं आणि दहा हजारांत क्लोरीन-३७ चे अणू तीसएक कमी असणार, हे स्वतः शोधावं लागतं. ते शोधलेलं मूल पुढे कुठल्याही तक्त्यातला आकडा उचलण्याआधी हा कुठल्या नमुन्याचा, असं विचारेल. तो प्रश्न त्याच्या तोंडी आला की हा धडा शिकवून झाला, असं मी समजते.